बंदराची साखळी

फिरंग्यांनी मुसलमानांच्या ताब्यातल्या अक्का बंदराला वेढा घातला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. शहरात खायला आता खेचरंही उरली नव्हती. अशात एक गलबत फिरंगी जहाजांच्या रांगेतून बिनबोभाट निघालं आणि बंदराच्या तोंडाशी, आडव्या साखळीपाशी येऊन थांबलं. शिडावर क्रूस, डेकवर डुकरं आणि खलाशांच्या दाढ्या सफाचट.

"साखळी सोडा! बैरूतहून गहू आणलाय!" नाखवा ओरडला. "त्यांना फसवायला हे सोंग घेतलंय!"

"की आम्हाला फसवायला?" बुरुजावरून म्हातारा सुंकुर म्हणाला. फेकायला जळत्या तेलाचं मडकं त्यानं हातात धरलंच होतं.

नाखव्यानं कलमा म्हणून दाखवला.

"पोपटही म्हणतो."

नाखव्यानं शहरातल्या गल्ल्यांची नावं घडाघडा सांगितली.

"आमचे कैदी काय कमी आहेत तुमच्याकडं? त्यांनी पढवलं असेल."

"आता काय करू, चाचा? शपथ घेऊ?"

"घे."

"माझ्या या..." म्हणत नाखव्याचा हात सवयीनं दाढीकडं गेला आणि हनुवटीच्या वीतभर खाली, हवेतच मूठ मिटली. त्यानं रिकाम्या मुठीकडं पाहिलं. कानापर्यंत लाल होत त्यानं बाहीनं तोंड झाकून घेतलं.

सुंकुरनं मडकं खाली ठेवलं. "साखळी सोडा."

"पण चाचा," शेजारचा पहारेकरी पुटपुटला, "त्यानं शपथ तर घेतलीच नाही."

"घेतली की," सुंकुर म्हणाला. "दाढी धरून घेतली."