क्रेन कोणाचं ऐकते

क्रेनच्या हुकाला पट्ट्यांनी टांगलेला गिअरबॉक्स जमिनीपासून हातभर उठला आणि डावीकडे कलला. शेषरावनं थांबण्याचा हात दाखवला. वर केबिनमध्ये बसलेल्या दयारामनं क्रेन थांबवली खरी, पण बघितलं मात्र खांबाजवळ उभ्या असलेल्या सूर्यकांतकडे. शेषरावनंही तिकडेच बघितलं.

फोरमन सूर्यकांत दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून उभा होता. मोकळे ठेवले असते तर ते आपोआप उठले असते. क्रेनवाला एका वेळी एकाच माणसाचे इशारे मानतो, आणि कारखान्याच्या या शॉपमध्ये तो माणूस म्हणजे सूर्यकांत, हे सगळ्यांना पाठ होतं. तो रजेवर गेला की जड कामं त्याची वाट बघत पडून राहत. याचा त्याला कोण गर्व! आता रिटायर व्हायला महिना उरला आणि आपल्या जागी शेषरावला तयार करायची वेळ आली तेव्हा तोच गर्व अंगाशी आला होता. सकाळीच साहेब बोलून गेले होते, "शेषराव से नहीं होगा तो आज ही बोलो. गँग के लिए दूसरे शॉप से आदमी मंगवाता हूँ."

"भाऊ, आता?" शेषरावनं विचारलं.

"मले कावून इचारतं? तुले काय दिसून राह्यलं ते सांग."

"डाव्या अंगाले झुकून राह्यला."

"कावून झुकला?"

शेषराव मान वाकडी करून गिअरबॉक्स न्याहाळू लागला. सूर्यकांतच्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं आणि ते गिळताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. सांगून टाकावं, पाच मिनिटांत काम मोकळं. पण पुढच्या महिन्यात काय, घरून येऊन सांगणार?

शेषराव गिअरबॉक्सपासून अंतर राखून एक फेरी मारून आला.

"आपण पट्टे बाहेरून मधोमध पाहून बांधले, भाऊ. वजन मधात नाहीच. मोठं चाक डाव्या अंगाले हाय."

"मंग?"

"खाली घेतो. पट्टे तिकडं सरकवतो."

"हे मले सांगून काय फायदा? ज्याले सांगाचं त्याले सांग."

शेषरावनं दयारामला खाली घेण्याचा इशारा केला. दयाराम पडला भला माणूस. त्यानं केबिनमधून मान बाहेर काढली आणि सूर्यकांतलाच विचारलं, "उतारंव का, भैया?"

सूर्यकांतनं सरळ क्रेनकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

टांगलेल्या वजनाकडे पाठ करायची नाही, हे त्यानंच सगळ्या गँगला शिव्या देऊन देऊन शिकवलं होतं. आता त्याच्या पाठीला जणू कान फुटले. शेषरावची शिट्टी वाजली. क्रेन घरघरली. लाकडी ठोकळ्यांवर वजन टेकल्याचा आवाज आला. पट्टे सरकवण्याची खटपट, शेषरावचं कोणावर तरी खेकसणं, मग पुन्हा शिट्टी. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण तो वळला नाही.

शेवटी राहवेना तेव्हा वळून बघितलं. गिअरबॉक्स छातीएवढ्या उंचीवर सरळ टांगलेला होता. वर पाण्यानं भरलेली परात ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. शेषराव एक हात उंच धरून मागे मागे चालत होता आणि दयाराम त्या हाताच्या मागोमाग क्रेन आणत होता.

काँक्रीटच्या पायावर उभे बोल्ट वाट बघत होते. गिअरबॉक्स त्यांच्या वर येऊन थांबला. सूर्यकांत भान विसरून पुढे गेला. त्याच्या बाजूचे बोल्ट भोकांसमोर बरोबर आले होते. आता सोडायचं. त्याचा हात खिशातून कधी निघाला आणि खाली घेण्याचा इशारा कधी करून बसला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

क्रेन जागची हलली नाही.

सूर्यकांतनं वर बघितलं. दयारामची नजर शेषरावच्या हातावर होती. शेषराव वाकून पलीकडच्या कोपऱ्यात डोकावत होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "भाऊ, थोडं बाजूले व्हा. तुमच्या सावलीनं मले तिकडचा बोल्ट दिसून नाही राह्यला."

गँग चपापली. सूर्यकांतला बाजूला हो म्हणणारा माणूस या शॉपमध्ये अजून जन्माला यायचा होता.

सूर्यकांत चांगली चार पावलं मागे सरला. पुन्हा खांबाला टेकताना त्याची छाती इतकी फुगली होती की खाकी शर्टाची बटणं ताणली गेली. शेजारी उभ्या असलेल्या गँगमधल्या खलाशाला तो हळूच म्हणाला, "साहेबाले सांगून ये. म्हणा, आदमी मिल गया."