ब्लँकेटांच्या थप्पीमागे

“सावधान म्हटलं की?”

“हलायचं नाही. बोलायचं नाही.”

“आणि कधीपर्यंत?”

“तू विश्राम म्हणेपर्यंत.”

लष्करी भांडारात अजून कोणी आलं नव्हतं. हवालदारने आपल्या लेकीला ब्लँकेटांच्या थप्पीमागे सतरंजी घालून दिली, हातात रंगीत खडू दिले. पोर चार वर्षांची. एका जागी म्हणून टिकत नसे, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत. तिच्या आईला नवखे लोक हवालदारीण समजायचे. मग कळायचं, हवालदार ती स्वतःच. नवराही फौजेतलाच, पण तो सध्या सीमेवर होता.

भिंगरीला सांभाळणाऱ्या मावशींच्या लेकीचे दिवस भरले, म्हणून त्या काल संध्याकाळीच तिकडे गेल्या. छावणीतलं पाळणाघर भरलेलं, आणि जागा असती तरी ते उघडेपर्यंत इथली हजेरी होऊन जाते. शेजारीण म्हणाली, आज नको गं, माझ्याच दोघांना ताप आहे. सासूबाई यायला तयार होत्या, पण त्यांना गाडी परवाची मिळत होती. आणि तपासणी आज होती. मागे एकदा तिने रजा मागितली, तेव्हा भांडारप्रमुख तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले होते, “बायकांच्या हाती भांडार देऊ नये, ते यासाठीच.”

सावधान-विश्रामचा खेळ बापाने सुट्टीत शिकवला होता. नियम एकच, ज्याने सावधान म्हटलं त्यानेच सोडवायचं. भिंगरीला गप्प उभं करणारी घरात तेवढी एकच युक्ती होती.

बाहेर गाडी थांबली.

“सावधान!” आई कुजबुजली.

भिंगरीने टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर केली. आई पळत दाराशी गेली आणि तिने तपासणीला आलेल्या साहेबांना कडक सलाम ठोकला.

साहेब सावकाश बघणारे होते. बुटांचे तळवे पाहिले, मच्छरदाण्या उलगडून पाहिल्या. अगदी शेजारच्या थप्पीतलं एक ब्लँकेट ओढून नाकाशी नेलं. पण थप्पीमागून हूं की चूं झालं नाही. साहेब खूश झाले.

“घरी मुलंबाळं?”

“एक मुलगी, साहेब.”

“तुमचे मिस्टरही बाहेर आहेत ना? मग तिला सांभाळतं कोण?”

“सोय आहे, साहेब.”

“अडचण असेल तर मोकळेपणाने सांगत जा. काहीतरी मार्ग काढू.”

“अडचण काही नाही, साहेब.”

इतकं झटकन तोंडातून गेलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

“चला मग, आमच्याबरोबर चहा घ्या,” साहेब म्हणाले.

चहाच्या वेळी त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, भांडार असावं तर असं. भांडारप्रमुख कपात बघत बसले. हवालदारच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कितीतरी दिवसांनी कोणी तिच्या कामाबद्दल चांगलं बोलत होतं. तिने आणखी अर्धा कप घेतला, कोणाच्या तरी विनोदाला मोकळं हसलीसुद्धा. मध्येच भांडारातले म्हातारे मदतनीस, नाना, दारात येऊन हातवारे करू लागले. चाव्या हव्या असतील, असं तिला वाटलं. तिने खिशातला जुडगा दाखवला आणि डोळ्यांनीच खुणावलं, नंतर. नाना जरा घुटमळले आणि निघून गेले.

साहेब निघाले तेव्हा सगळे बाहेर रांगेत उभे राहिले. गाडी फाटकाबाहेर गेली. भांडारप्रमुखांनी आवाज दिला, “विश्राम!”

पाय वाजले. रांग सैलावली. हवालदार तेवढी ताठच राहिली. मग टोपी हातात घेऊन ती धावत सुटली.

नाना भांडाराच्या दारातच होते.

“मी म्हटलं बस, बाळा. पाणी दिलं, बिस्कीट दिलं. ऐकतच नाही. नुसती मान हलवते. तुम्हालाच सांगायला आलो होतो मघाशी...”

तिने पुढचं ऐकलं नाही.

भिंगरी तशीच उभी होती. टाचा जुळवलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले. मोजे ओले झाले होते, पायाखालची सतरंजीही. नानांनी ठेवलेलं बिस्कीट ब्लँकेटावर तसंच होतं.

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “अगं, हाक मारायची ना मला! नानांना तरी सांगायचं!”

भिंगरी बोलली नाही. समोर बघत राहिली. खालचा ओठ तेवढा थरथरत होता, आणि तोही तिने दातांखाली धरला.

तेव्हा आईच्या लक्षात आलं. आपण अजून म्हटलंच नाही. तो वरचा अर्धा कप, ते हसणं तिला आठवलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की लेकीच्या तोंडाकडे बघवेना. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज, पण आता तिने तोंड भिंगरीच्या कानाशी नेलं.

“विश्राम,” ती कशीबशी म्हणाली.

भिंगरीने डावा पाय बाजूला घेतला, दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि मग रडायला लागली.