गाळलेलं पाणी

धरण आमचं खासगी, मातीचं. पायथ्याशी पाणी पाझरायचंच. नितळ असलं तर भीती नाही. गढूळ आलं, की धरण आतून वाहून चाललं. म्हणून राखणदार खाज्या रोज सकाळी त्या पाझराची बाटली भरून आणायचा. त्याचा पाडा धरणाखालीच. मी बाटली उजेडात धरून ‘ठीक’ म्हणायचो. आज टेबलावर बाटली नव्हती. स्वयंपाकघरात नवी सून आयुषी दुहेरी फडकं पिळत होती. “पापाजी, आज फडक्यातून पाणीच उतरेना.” “पाझराचं पाणी गाळतेस?” “लग्न झाल्यापासून रोज. गाळूनच बाटली टेबलावर ठेवते. जैनांच्या घरात न गाळलेलं पाणी ठेवायचं कसं?” पांढऱ्या फडक्यावर धरणाच्या पोटातली काळी माती होती. फडकं तसंच घेऊन मी दाराकडे धावलो. दाराबाहेर थांबलेल्या खाज्याने ते पाहिलं. “मी तं रोज गढूळच आनत होतो, सेठ. तुम्ही ठीक म्हनायचे. आख्खा पाडा खालीच शे.”