लिंबाचं फडकं

जाहिरातवाले चोर असतात हे पांढुर्ण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी आखाड्याच्या तुळशीराम उस्तादानं मासिकातली जाहिरात वाचून कलकत्त्याहून व्ही.पी.च्या टपालानं जुनी चिनी तलवार मागवलीच. उद्या दसरा. सावरगावचा आखाडा गावभर बोंबलत होता, "उस्तादजी यंदा पत्रा पुजून राहिले!" तलवार खोटी निघाली, तर मिरवणुकीच्या पुढं चालायचा मान गेलाच.

रंगवलेला गंज लिंबाच्या पहिल्याच हातात सुटतो, खरा इतक्या सहज सुटत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. भरदुपारी ओसरीत बसून त्यानं लिंबात भिजवलेलं फडकं पात्यावर घासलं. फडकं तांबूस झालं.

"गेली इज्जत!" तो ओरडला. "रंगच हाय हा!"

बायको देवकाबाई पाहायला आली. "अवो, पण गंज तर जागच्या जागी हाय."

होता खरा. एक ठिपकाही हलला नव्हता. त्यानं कोरं फडकं घेऊन जोर लावला. तेही तांबूस झालं, पातं जसंच्या तसं.

"मंग रंग कशाचा निंगून राहिला जी?"

गंजाच्या मधे एक चकचकीत पट्टा होता, त्यात तो डोकावला. ओसरीचा खांब दिसला, वळणीवरचं लुगडं दिसलं, देवकाबाई दिसली. त्याचा चेहरा मात्र धुऊन विटलेल्या कापडासारखा, नाकडोळे पुसट.

"पातंच खोटं हाय," म्हणत त्यानं आणखी घासलं.

देवकाबाई पात्याकडं पाहतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडं पाहत मागं सरकत होती.

"अवो," ती म्हणाली, "आता घासू नका."