दगडाआडच्या शंकरपाळ्या

वरच्या बंकरमधून मशीनगन सुरू झाली आणि आम्ही सातही जण दगडांआड जे गेलो, ते तिथेच चिकटलो. मला पाय आहेत की नाहीत, तेही कळेना.

तेवढ्यात सुभेदार भोईटे सरपटत आले. कमरेच्या पिशवीतून काढून त्यांनी माझ्या हातावर एक शंकरपाळी ठेवली. "तुमच्या वहिनींनी पाठवल्यात. खा." मग पुढच्या दगडाकडे, तिथून त्याच्या पुढच्या. आजूबाजूला गोळ्यांनी माती उडत होती आणि हा माणूस घरचं कार्य असल्यासारखा वाढत सुटला होता.

शंकरपाळी दातानं फुटेना. शेवटच्या दगडाआडून शेलार ओरडला, "साहेब, वहिनी तुपाचं मोहन घालायला विसरल्या!"

आम्ही हसलो. खरंच हसलो. मग एकेकानं रायफल नीट धरली.

"दात शाबूत आहेत ना सगळ्यांचे? मग चला माझ्यामागं," म्हणत तेच पहिले उठले. मांडीत गोळी शिरली, तरी बंकरपर्यंत कुणाला पुढं जाऊ दिलं नाही.

आठ दिवसांनी आम्ही दवाखान्यात गेलो, तर वहिनी त्यांच्या खाटेशी बसलेल्या. आम्हाला बघून पहिला प्रश्न, "शंकरपाळ्या कशा झाल्या होत्या?"

बंकरवर धावून गेलेले आम्ही सातजण खाली बघू लागलो.

"एकदम खुसखुशीत," साहेब खाटेवरून म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "खोटं बोलू नका. घरी उरलेल्या मी अजून चहात भिजवून खातेय."