तीस दिवसांची नोटीस

कब्रस्तानच्या फाटकाशी रखवालदारानं मृणालला अडवलं. "बाई, दस्तगीरच्या कोण तुम्ही?"

मागच्याच महिन्यात काझीसाहेब एका संध्याकाळीत निकाह लावून द्यायला तयार होते. तिनं फक्त कलमा पढायचा होता आणि 'मेहजबीन' हे नाव घ्यायचं होतं. तिनं साफ नकार दिला, तसा दस्तगीर हसून म्हणाला, "नको बदलूस. सरकारी लग्न करू. तीस दिवसच तर थांबायचंय!"

त्यांची नोटीस विवाह कचेरीच्या फळ्यावर लागली, दोघांच्या पत्त्यांसकट. सव्विसाव्या दिवशी तिच्या भावानं ती वाचली आणि कोयता घेऊन तो थेट दस्तगीरच्या दारात गेला.

"कोण तुम्ही?" रखवालदारानं पुन्हा विचारलं.

"बायको."

"नाव?"

"मेहजबीन," कुणीतरी म्हणालं. आवाज तिचाच होता.