ओली शाई

मालकांनी लिहिलेली ओली शाई लवकर सुकावी म्हणून तिच्यावर वाळू भुरभुरणं हे फिबीचं काम. गुलामांना वाचता येत नसे, म्हणून तर तिला मालकांच्या लिहिण्याच्या खोलीत थारा होता.

त्या सकाळी मालकांनी नव्या अमेरिकेसाठी लिहिलेलं वाक्य तिला वाचून दाखवलं. “प्रत्येक माणूस जन्मतःच स्वतंत्र आहे. कसं वाटतं?”

“छान वाटतं, मालक.” फिबीनं त्या ओळीवर वाळू भुरभुरली.

मग त्यांनी दुसरा, छोटा कागद लिहिला. तो मात्र वाचून दाखवला नाही. फिबीनं त्यावरही वाळू भुरभुरली, जरा मायेनंच.

दुपारी मालकांची लेक सासरी निघाली. तिच्या बग्गीत फिबीची नऊ वर्षांची पोर बसवलेली. फिबी धावली.

“आहेरात दिलीय तिला. लेखी आहे,” म्हणत मालकांच्या कारभाऱ्यानं कागदाची घडी उलगडली.

वाळूचे चार कण फिबीच्या पायाशी पडले.